गृहस्थाचा अर्धा तास आणि पडद्यावरचे खेळ

गेल्या जत्रेच्या रात्रीची गोष्ट. पालखी देवळात परतली होती, अग्रशाळेत पथाऱ्या पडल्या होत्या आणि मांडवात नाटकाची तिसरी घंटा व्हावयास अजून अवकाश होता. एका कोपऱ्यात आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हातातील लहानशा यंत्रावर व्हिडिओ गेम खेळत बसले होते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, बँकेत अधिकारी, दोन मुलांचे वडील. त्यांच्या मामांनी हे पाहिले आणि "खेळपाचें पिराय आतां तुजें न्हय रे," एवढेच म्हणून ते पुढे गेले. गृहस्थ ओशाळले, परंतु थोड्या वेळाने आम्हांस म्हणाले, "दिवसाकाठी माझा स्वतःचा म्हणावा असा अर्धा तास मला मिळतो. तो मी असा घालवतो. यात चुकते कोठे, ते तरी कोणी सांगावे."

या प्रश्नाला नीतीच्या अंगाने उत्तर देणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो मुख्यतः समीक्षेचा प्रश्न वाटतो. पुस्तक, नाटक, गाणे यांविषयी बोलताना आपण चांगले-वाईट निवडतो, कारणे देतो. पडद्यावरचे खेळ मात्र आपण एकतर सरसकट टाकतो, नाहीतर सरसकट डोक्यावर घेतो. हे खेळ आता अर्धशतकाहून जुने झाले आहेत. ज्यांनी ते बाळपणी खेळले ते आज घरचे कर्ते आहेत. त्यांच्यापाशी आवड शिल्लक आहे, वेळ नाही. अशा रसिकाने कोणता खेळ हाती घ्यावा आणि कोणता दुरूनच वंदन करून सोडावा, याचा काही निकष सापडतो का, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम दोन गोष्टी बाजूस ठेवू. पैसे लावून खेळावयाचे खेळ हा आमचा विषय नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने तसल्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, आणि द्यूताचे फळ महाभारताच्या श्रोत्याला निराळे सांगावे लागत नाही. खेळाच्या आहारी जाऊन ज्यांचे खाणे-झोपणे सुटते त्यांचाही विचार येथे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्या अवस्थेचा समावेश विकारांच्या वर्गीकरणात केला, आणि तो वैद्याचा प्रांत आहे. आमचा विषय आहे तो दिवसभराची कामे उरकून, देवापुढचा दिवा शांत झाल्यावर, घटकाभर मन रमवू पाहणारा सामान्य संसारी माणूस.

आपल्या समाजाला खेळाचे वावडे कधीच नव्हते. जत्रेतील नाटकासाठी पहाटेपर्यंत जागणारी मंडळी आपलीच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आपल्याच मुलखातल्या: गोल 120 पाने, दहा अवतार, प्रत्येक अवताराची बारा. या खेळाचा एक नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. डाव दिवसा मांडला तर रामाच्या राजाचे पान ज्याच्या हाती असेल त्याची पहिली उतारी. रात्री मांडला तर कृष्णाच्या. म्हणजे बाहेर ऊन आहे की दिवेलागण झाली आहे, याची दखल प्रत्यक्ष खेळाच्या नियमांत घेतलेली आहे. खेळणाऱ्याच्या दिवसाचे भान खेळाने ठेवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली आणि औचित्य हे रसयुक्त काव्याचे जीवित मानले. अलंकार कितीही सुंदर असला तरी तो योग्य जागी नसेल तर शोभा देत नाही, हे त्याचे सूत्र. व्हिडिओ गेमच्या परीक्षणात चित्रे, संगीत, कथा, हालचालींतील सफाई यांची चर्चा असते, आणि ती असावयासच हवी. आमच्या मते तिला आणखी एका औचित्याची जोड हवी, ते म्हणजे काळाचे औचित्य. अमुक खेळ खेळणाऱ्याच्या वेळेशी कसा वागतो? किती वेळ मागतो हे आधी सांगतो का? मध्येच उठावे लागले तर उठू देतो का? आठ दिवसांनी परत आल्यास ओळख ठेवतो का? आणि आपण गेलो नाही तर निमूट वाट पाहतो, की मागे तगादा लावतो?

थोडे मागे जाऊन पाहिले म्हणजे या प्रश्नांचे मूळ ध्यानात येते. 1978 चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 1980 चा 'पॅक-मॅन' हे खेळ दुकानांत ठेवलेल्या यंत्रांवर नाणे टाकून खेळले जात. पहिला लवकर हरावा आणि दुसऱ्याने नाणे टाकावे, यातच यंत्राच्या मालकाचा लाभ. त्यामुळे डाव चार-दोन मिनिटांचा असे. हेतू व्यापारी असला तरी माणूस लवकर मोकळा होई. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचलेला 'टेट्रिस' नाण्याचा दास नव्हता, तरी त्याची घडण तशीच सुटसुटीत होती. वरून पडणारे तुकडे जुळवून ओळी भरावयाच्या. डाव हरला की संपला, आणि संपला तो पुरा झाला. 1989 मध्ये तो 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्राबरोबर जगभर गेला. आजही फावल्या दहा मिनिटांस त्याच्याइतका अनुरूप खेळ आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

खेळ घरी आले, नाण्याचे बंधन सुटले आणि त्यांच्यात लांबलचक कथा शिरल्या. एका बैठकीत न संपणारी गोष्ट सांगावयाची तर कोठवर आलो याची नोंद ठेवणे ओघाने आले. 1986 मध्ये जपानात आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळात ती सोय होती, आणि घरगुती खेळांच्या इतिहासात त्याला जे महत्त्व दिले जाते त्याचे हे एक मोठे कारण. पोथीत खूण घालून ती रुमालात बांधून ठेवावी आणि उद्या तेथूनच उघडावी, तसा हा प्रकार. पोथी दीर्घ असते म्हणून तिला कोणी नावे ठेवीत नाही. कारण तिला अध्याय असतात, आणि अध्यायाच्या शेवटी उठणाऱ्याला काही अर्धवट टाकल्याची रुखरुख लागत नाही. आमचा आक्षेप खेळाच्या लांबीवर नाही, अध्याय न पाडणाऱ्या रचनेवर आहे.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खूण घालण्याची मुभा आखडती ठेवण्यातही कधीकधी कला असते. 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल' या भयप्रधान खेळात ठराविक खोल्यांतील टंकलेखन यंत्रापाशीच नोंद करता येते, आणि प्रत्येक नोंदीस शाईची एक फीत खर्ची पडते. फिती मोजक्याच. त्यामुळे पुढच्या दाराआड काय असेल या भीतीला, जे मिळवले ते हातचे जाईल या भीतीची जोड मिळते. भयानक रसाची ही उत्तम योजना आहे. परंतु ज्याच्या घरात तान्हे मूल केव्हाही उठते त्याने हा खेळ हाती घेऊ नये. यात खेळाची निंदा नाही. गाठ जुळत नाही, इतकेच.

आता अर्ध्या तासाच्या रसिकाला मानवतील अशा दोन प्रसिद्ध कृती पाहू. पहिली 2016 ची 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षे खपून चित्रे, संगीत, कथा असे सर्व काही स्वतः केले. शहरातील नोकरी सोडून आजोबांची शेती कसावयास आलेल्या माणसाची ही गोष्ट. खेळातील दिवस सकाळी सहाला उजाडतो आणि फार तर रात्री दोनला संपतो. आपल्या घड्याळाने तो साधारण चौदा मिनिटांचा भरतो. ऋतू चार, प्रत्येकाचे दिवस 28. म्हणजे आपल्या अर्ध्या तासात तेथले दोन दिवस बसतात. पेरावे, पाणी घालावे, गावकऱ्यांची विचारपूस करावी, निजावे. झोपल्यावरच नोंद होत असल्यामुळे दिवस हाच अध्याय ठरतो. गुण स्पष्ट आहे. दोषही सांगितला पाहिजे: उद्या कोबी तयार होणार, परवा गावात सण, या आशेवर आणखी एक दिवस, आणखी एक दिवस असे करीत मध्यरात्र होते. शेतावरच्या कामाची टिपणे काढताना आपण कचेरीतूनच आलो आहोत याचा विसर पडतो, आणि विश्रांतीचेच काम होऊन बसते. ज्याला दिवस मावळल्यावर खेळ मिटता येतो त्यालाच या शेतीचे सुख मिळते.

दुसरी कृती 2020 ची 'हेडीस'. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या राजाचा पुत्र बापाच्या राज्यातून पळून जाऊ पाहतो. एका प्रयत्नाला साधारण अर्धा तास लागतो. वाटेत तो मरतो आणि पुन्हा बापाच्याच घरी येऊन पडतो. अन्य खेळांत हार म्हणजे गेलेला वेळ. येथे रचनाकारांनी हार हीच कथेची पायरी केली आहे. प्रत्येक वेळी परत आल्यावर घरातील मंडळी काही नवे बोलतात, एखादे जुने गुपित उलगडते, बापलेकांतील कडवटपणाचे कारण थोडे अधिक कळते. म्हणून अर्ध्या तासानंतर हरून उठणाराही रिकाम्या हाताने उठत नाही. या खेळातील शस्त्रांच्या झटापटीची वाखाणणी पुष्कळ झाली. आम्हांस त्याची ही उदारता अधिक मोलाची वाटते.

दीर्घ खेळांचे काय? 2015 चा पोलंडमधील 'द विचर 3' पाहा. मुख्य कथाच पन्नास तासांच्या आसपास चालते, आणि आडवाटांनी जाणाऱ्याला तीही पुरत नाही. रोज अर्धा तास धरला तर शंभर दिवस, म्हणजे जवळजवळ चातुर्मास झाला. आपल्या देवळांत चातुर्मासात पुराण लागते, तेव्हा रोजचा श्रोताही मध्ये चार दिवस चुकतो. चांगला पुराणिक आसनावर बसल्यावर आदल्या दिवशी कथा कोठवर आली होती ते दोन वाक्यांत सांगतो आणि मग पुढे जातो. 'विचर'मध्ये ही व्यवस्था आहे. खेळ पुन्हा उघडताना नायकाचा कविमित्र मागील कथासूत्र सांगतो, आणि चालू कामांची वहीही त्याच्याच शब्दांत लिहिलेली असते. ही लहानशी गोष्ट आहे. तथापि पंधरा दिवसांनी परतणाऱ्याला ती हात धरून आत नेते. अनेक मोठे खेळ एवढेही करीत नाहीत. आपण कोण, कोठे, कशासाठी आलो आणि कोणती कळ दाबल्याने काय होते, हे सारे विसरलेला माणूस मोकळ्या माळावर उभा राहतो आणि खेळ बंद करतो. त्याची आवड कमी झाली असे लोक म्हणतात. वास्तविक खेळच त्याला विसरलेला असतो.

याच्या उलट टोकाला 2012 चा 'जर्नी' आहे. लांब झगा घातलेला एक वाटसरू वाळवंटातून दूरच्या प्रकाशमान शिखराकडे चालत जातो. शब्द एकही नाही. वाटेत दुसरा एक वाटसरू भेटतो. तो जगात कोठेतरी हाच खेळ खेळत असलेला खरा माणूस असतो. त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक मंजुळ स्वर काढून साद घालता येते. त्याचे नाव कळते ते सर्व संपल्यावर. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाला 'माऊली' म्हणून हाक मारणाऱ्यांस या सोबतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ही सबंध यात्रा सुमारे दोन तासांची आहे. ती अर्ध्या तासात बसत नाही, आणि तुकडे करून खेळल्यास तिचा रस ओसरतो. तरीही आमच्या निकषास ती उतरते, कारण तिची मागणी स्पष्ट आणि मर्यादित आहे. एखाद्या रविवारी दुपारी, गाण्याच्या बैठकीस जावे तसे ठरवून बसावे आणि तृप्त होऊन उठावे. काळाचे औचित्य म्हणजे आखूडपणा नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आपल्या वाचकांस जवळचा वाटेल असा एक खेळ पुण्यात घडला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ करून पोट भरणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधावयास निघते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, विष्णूकडून धनुष्य. आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातूनच कथा पुढे सरकते. भिंतींवरील चित्रांपाशी थांबले की देवीची आणि अवतारांची आख्याने ऐकू येतात. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. ते पाहताना कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्यावाचून राहत नाहीत. खेळ पाच-सहा तासांत, म्हणजे गृहस्थाच्या पंधरवड्यात आटोपतो. दोष आहेत: झटापटीत शस्त्र फिरते त्या मानाने पाऊल चपळ नाही, आणि शेवट आवरता घेतल्यासारखा वाटतो. आपली पुराणे आहेत म्हणून दोष झाकणे हा त्या कलावंतांचा सन्मान नव्हे. परंतु एका लहान मंडळाने मोठ्यांच्या लांबीशी स्पर्धा न करता आटोपशीर आख्यान रचले, याचे श्रेय त्यांना मनःपूर्वक दिले पाहिजे.

आता ज्यांच्यापासून सावध राहावे त्यांच्याकडे वळू. चमत्कार असा की, वेळ सर्वांत कमी मागण्याचा आव आणणारे मोबाईलवरील खेळच तो सर्वांत अधिक घेतात. 2012 च्या 'कँडी क्रश सागा'ची प्रसिद्ध योजना अशी: पाच जीव असतात, ते हरले की दर अर्ध्या तासाने एक जीव परत मिळतो, थांबण्याची तयारी नसल्यास पैसे मोजा अथवा मित्रांकडे मागा. खेळातील कोडी सुबक आहेत, हे मान्य. पण येथे विकली जाते ती वाट पाहण्यापासूनची सुटका, आणि मुळात वाट पाहावयास लावणारा खेळच असतो. याच जातीचे, रोज हजेरी लावल्यास बक्षीस आणि एक दिवस चुकल्यास साखळी तुटली, असे खेळ आता पुष्कळ झाले आहेत. आम्हीही एका तसल्या खेळाच्या नादी लागलो होतो. एकादशीच्या कीर्तनात, पूर्वरंग ऐन भरात असताना, खिशातील यंत्र थरथरले. हजेरीची मुदत संपत आली होती. आम्ही उठून बाहेर गेलो, दीपमाळेपाशी उभे राहून हजेरी लावली आणि परत येईपर्यंत बुवा उत्तररंगात शिरले होते. त्या रात्री आम्हांस खेळाचा आनंद मिळाला नाही आणि कीर्तनाचाही. घरी जाऊन तो खेळ आम्ही काढून टाकला. तीन महिन्यांची साखळी तुटली आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेच काही अडले नाही.

संघाने खेळावयाच्या खेळांची अडचण निराळी आहे. 2020 च्या सप्टेंबरात बंदी आलेल्या 'पब्जी मोबाईल'नंतर 2021 मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' घ्या. शंभर जण एका रणभूमीवर उतरतात, डाव अर्धा तास चालू शकतो आणि तो कोणासाठीही थांबत नाही. आई जेवावयास हाक मारते, मुलगा "आलो, आलो" म्हणतो आणि हलत नाही. प्रत्येक घरातील हे दृश्य आहे. त्यात केवळ उद्धटपणा पाहणे हे अर्धेच निरीक्षण होय. तो उठला तर त्याचे तीन सोबती अडचणीत येतात, हेही त्याला खरेच वाटत असते. म्हणून पान वाढल्यावर हाक मारण्याऐवजी डाव सुरू होण्यापूर्वी वेळ सांगावी, आणि मुलानेही तेवढ्या वेळात न संपणारा डाव मांडू नये.

सगळा दोष खेळांच्या माथी मारणेही बरे नव्हे. स्वस्तात मिळाले म्हणून वीस-वीस खेळ विकत घ्यावे, एकही पुरा करू नये, आणि मग न खेळलेल्यांची यादी पाहून खंत करावी, हा आजच्या हौशी गृहस्थाचा स्वभावच झाला आहे. अर्ध्या तासातील वीस मिनिटे काय खेळावे हे ठरविण्यात जातात. आमची सूचना साधी आहे. एका वेळी एकच खेळ उघडा ठेवावा. तो उघडण्यापूर्वी किती तासांचा आहे याची चौकशी करावी, जशी आपण प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीची करतो. उठताना पुढे काय करावयाचे ते कागदावर एका ओळीत लिहून ठेवावे. आणि एखादा खेळ आवडेनासा झाला तर तो अर्धवट सोडण्यात कमीपणा मानू नये. विकत घेतले म्हणून नावडते पुस्तक शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती कोणत्याही शास्त्रात सांगितलेली नाही.

अग्रशाळेतील त्या गृहस्थांस आम्ही शेवटी विचारले, खेळता तरी काय? ते 'स्टारड्यू' खेळत होते. खेळातील दुपार झाली होती, अर्ध्या वाफ्यांना पाणी घालावयाचे राहिले होते. इतक्यात मांडवात तिसरी घंटा झाली. त्यांनी यंत्राच्या कडेची कळ दाबली, पडदा काळा झाला. ते यंत्र तसेच, त्याच क्षणावर निजते, आणि जागे केल्यास तेथूनच चालू लागते. यंत्र पिशवीत ठेवून ते उठले, मामांची घोंगडी खांद्यावर घेतली आणि त्यांना हात देऊन नाटकाला घेऊन गेले. दुसऱ्या अंकापर्यंत मामा झोपी गेले होते. गृहस्थ मात्र शेवटच्या पडद्यापर्यंत जागे होते.